लिहायला बाई, सहीला सर

“बाईले कायले बोलावता आत? इंग्रजीवाली पोरगी हाय ना आपल्याजवळ. ते वाचते धडाधड.”

निधीचा प्रस्ताव समितीपुढे कोणी वाचायचा, ते केबिनमधून विभागप्रमुख सर कार्यालयातल्या बाबूंना सांगत होते. मी दाराबाहेर लॅपटॉप छातीशी धरून उभी होते. इंग्रजीवाली पोरगी म्हणजे मी. चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटात मराठी बोललं की दंड भरावा लागे. तिथून जी गप्प झाले ती विद्यापीठात प्रकल्प सहायक म्हणून लागले तरी गप्पच होते. बाई माझ्यामागे, बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनीही ऐकलं. पर्समधून बडीशेपेची डबी काढून माझ्यापुढे धरली. “घे वं. वाचताना घसा कोरडा पडते.”

सगळं विद्यापीठ त्यांना प्रपोजलबाई म्हणायचं. कंत्राटी प्राध्यापक, ब्रह्मपुरीहून एसटीने ये-जा करणाऱ्या, बसमध्ये उभ्या राहून मोबाइलवर मसुदा दुरुस्त करणाऱ्या. बाहेरून निधी आणायचा तर प्रस्ताव लागतो, आणि आमच्या विभागातला प्रत्येक प्रस्ताव बाईंनी लिहिलेला असे. नाव सरांचं. मुख्य संशोधक कायम नोकरीतला हवा असा नियम आहे. ठीक आहे, नियम मला कळतो. पण सहसंशोधक म्हणून नाव लावायला कोणता नियम आडवा येत होता? शेवटच्या पानावर आभार असत, तिथे बाई टायपिंग करणाऱ्याच्या खाली असत.

त्यांची एक सवय विभागात चेष्टेचा विषय होती. प्रस्ताव पाठवण्याआधी त्या ज्या गावाबद्दल लिहिलंय त्या गावात जायच्या आणि ग्रामसभेत तो वाचून दाखवायच्या. थोडी मराठी, थोडी गोंडी. सर म्हणत, “बाई कीर्तनाले गेल्या.” एकदा मीही सोबत गेले, एटापल्लीच्या बाजूला. मोहफुलांचा प्रस्ताव होता. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. त्याऐवजी झाडाखाली जाळी बांधायची आणि सुकवलेली फुलं साठवायला गावातच सोय करायची. सरांनी त्यात एक वाक्य घातलं होतं, की स्थानिक लोकांच्या अज्ञानामुळे जंगलाला आगी लागतात. बाईंनी तेही वाचलं, काही न लपवता. मग एक म्हातारी म्हणाली, “आमाले अडाणी लिहून तुमाले पैसे भेटतात का वो बाई? मंग अर्धे आमाले द्या.” सगळी सभा हसली. बाई सर्वांत जास्त हसल्या, आणि तिथेच पेनाने ते वाक्य खोडलं.

परतताना जीपमध्ये मला म्हणाल्या, “पुन्हा तिथी तोंड दाखवता आलं पाहिजे, तेवढंच लिहाचं.”

सरांनी वाक्य परत घातलं. “दुखणं मोठं दाखवल्याशिवाय कोणी औषधाले पैसे देते का?” हे ते मला समजावत होते, हसत हसत, जणू मी त्यांच्याच बाजूची होते.

या खेपेला सरांनी बाईंना शब्द दिला होता, सहसंशोधक म्हणून तुमचंच नाव. ते लागलं असतं तर तीन वर्षं तरी करार हलला नसता. त्यांची मुलगी नर्सिंगला होती. बाईंनी तिला फोन करून सांगूनही टाकलं होतं. छापील प्रत आली तेव्हा तिथे दुसऱ्याच एका कायम प्राध्यापकांचं नाव होतं, ज्यांनी ताडोब्याच्या सफारीपलीकडे जंगल पाहिलं नव्हतं. मला बाईंचाही राग आला. भांडत का नाही? त्या म्हणाल्या, “मी भांडली त प्रस्तावच अडकन. गावाचं काय मंग?” असल्या चांगुलपणावरच हे लोक पोसले जातात, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

आता बाई विद्यापीठात नाहीत, ब्रह्मपुरीत शिकवण्या घेतात. करार माझाही पुढे वाढला नाही. प्रकल्प मात्र मंजूर झाला. झाडांखाली जाळ्या लागल्यात, आणि उद्घाटनाच्या फोटोत सर आहेत. तो फोटो मला अजून कुणी ना कुणी पाठवतं.

त्या दिवशी बाईंची बडीशेप तोंडात टाकून मी आत गेले. मुंबईहून आलेली तज्ज्ञ समिती टेबलापलीकडे बसली होती. मी वाचत गेले, धडाधड, सरांना हवं होतं तसंच. आगीचं वाक्य आलं तेव्हा ते गाळून पुढे गेले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. वाचून झाल्यावर समितीतल्या एका वयस्कर सदस्येने चष्मा काढला आणि विचारलं, “हे सगळं गावाशी बोलून ठरवलंय का?”

“हो तर,” सर म्हणाले. “मी स्वतः जाऊन बसलो ग्रामसभेत. लोकांनी फार प्रेमानं ऐकून घेतलं.”

माझं इंग्रजी कुठल्या कुठे गेलं. मी उठून उभी राहिले आणि मराठीतच बोलले.

“सर तिथे कधीच गेलेले नाहीत. हे ज्यांनी लिहिलंय, त्या बाहेर बाकावर बसल्या आहेत. थांबा, मी त्यांना आत घेऊन येते.”