मागच्या वेळी आधी गेलेला माणूस

आज सकाळी श्रीखंडासाठी जायफळ किसायला घेतलं आणि तो उग्र-गोड दरवळ घरभर पसरला. बाहेर सौदीतल्या यान्बूचं डोळ्यांत खुपणारं पांढरं ऊन होतं, रिफायनरीच्या चिमण्या होत्या, आणि त्यांच्यापलीकडे समुद्राची निळी रेघ. काही वर्षांपूर्वी याच वासानं माझ्या दारात एक म्हातारे गृहस्थ आणून उभे केले होते. उंच, काळेभोर, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. "माफ करा," ते इंग्रजीत म्हणाले, "पण हा वास माझ्या गावचा आहे." मी हसून त्यांच्या तळहातावर एक अख्खं जायफळ ठेवलं. ते नाकाशी धरून बराच वेळ नुसते उभे राहिले.

आमच्या शेजारी राहणाऱ्या डॉक्टरबाईचे ते वडील. कॅरिबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटाच्या देशातून लेकीकडे राहायला आलेले. मी त्यांना काका म्हणू लागले, आणि तो शब्द त्यांना इतका आवडला की फोनवर स्वतःच "काका बोलतोय" म्हणायचे. संध्याकाळी आम्ही समुद्रकाठी फिरायला जात असू. एकदा चालता चालता, आपण कधीकाळी गावच्या शाळेत होतो हे सांगावं इतक्या सहज त्यांनी सांगितलं, की ते त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. मला थट्टाच वाटली. पण शेजारी चालणाऱ्या त्यांच्या लेकीनं मान खाली घातली, तेव्हा कळलं की हे खरं आहे.

ते मूळचे शाळामास्तर. लष्करानं सरकार उलथवलं आणि जगाला दाखवायला एक स्वच्छ चेहरा हवा म्हणून या मास्तरांना खुर्चीत बसवलं. रक्त सांडणार नाही, या एका शब्दावर ते बसले. जायफळाचा एक हंगाम संपेपर्यंतही ते राज्य टिकलं नाही. बंदरावरचे कामगार या राजवटीविरुद्ध चौकात जमले, आणि रेडिओवरून गोळीबाराचा हुकूम सुनावण्यासाठी काकांना माइकसमोर नेण्यात आलं. मागे अधिकारी उभा होता, पिस्तुलावर हात ठेवून. काका म्हणाले, "शिपायांनो, तुमच्यातल्या कित्येकांना मी अक्षरं शिकवली. गोळी झाडू नका." तेवढ्यात प्रक्षेपण तोडलं गेलं. काहींनी बंदुका खाली ठेवल्या, काहींनी झाडल्या. काकांना त्याच दिवशी बोटीत घालून देशाबाहेर काढलं. "चौकात किती पडले, मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

एके दिवशी दिवस मावळतानाची मगरिबची बांग होत असताना डॉक्टरबाई धावत माझ्याकडे आली. "तू ये. बाबा माझं ऐकणार नाहीत." त्यांच्या बेटावर पुन्हा लष्कर सत्तेवर आलं होतं, पुन्हा माणसं तुरुंगात कोंडली होती, आणि पुन्हा लष्कराला तोच स्वच्छ चेहरा हवा होता. टेबलावरच्या फोनमधून लष्कराच्या कुणा माणसाचा मऊ, अदबशीर आवाज येत होता. देशाला तुमची गरज आहे, म्हणत होता.

"आधी तुरुंगातली माणसं सोडा," काका म्हणाले.

"आधी तुम्ही या, सर. मग बघू."

लेकीनं काकांचं मनगट घट्ट धरलं होतं.

"मागच्या वेळी मी आधी आलो होतो," काका म्हणाले आणि त्यांनी फोन बंद केला.

डॉक्टरबाईनं सुटकेचा श्वास सोडला. पण तो पुरता सुटण्याआधीच ते म्हणाले, "मी जाणार आहे. यांच्याकडे नाही. तुरुंगाच्या दाराशी कैद्यांच्या आया-बायका उभ्या आहेत ना, त्यांच्यात उभा राहायला."

"ते मारतील तुम्हाला!"

"मारतीलही. पण या वेळी मी कुठल्या बाजूला उभा आहे, ते सगळ्यांना दिसेल."

आठवड्याभरात आम्ही त्यांना जेद्दाच्या विमानतळावर सोडलं. वाटेत लेक त्यांच्याशी बोलत नव्हती. आत जाताना मात्र तिनं त्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली आणि तिथेच हात ठेवून उभी राहिली.

त्यानंतरचे दिवस आम्ही दोघींनी फोनकडे बघत काढले. काका रोज त्या दाराशी उभे राहत. त्यांना ढकललं, धमकावलं, दोनदा पकडून नेलं. सुटले की ते पुन्हा तिथेच. हळूहळू शाळेतले त्यांचे म्हातारे झालेले विद्यार्थी येऊन शेजारी उभे राहू लागले. कैद्यांना सोडलं, पण टप्प्याटप्प्यानं. आणि सगळेच परतले नाहीत. काका तिथेच राहिले, बहिणीच्या घरी, आणि पुढच्या वर्षी झोपेतच गेले.

त्यांच्या देशाच्या इतिहासात त्या कारकिर्दीला फार तर एखादी ओळ मिळेल, तीही कदाचित लष्कराचं बाहुलं म्हणून. मला आता त्याचं वाईट वाटत नाही. खुर्चीचा काळ आखूड होता आणि तो दुसऱ्यांनी मोजून दिलेला होता. त्या दाराशी उन्हात उभं राहण्याचा काळ त्यांचा स्वतःचा होता. त्या दारातून बाहेर आलेलं कुणीतरी या घटकेला आपल्या घरी जेवायला बसलं असेल, भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत असेल.