बोटीवर चढलेली ‘उलटी पाठवणी’

“जावईबापू, नायिकेनं शेवटी तळ्यात उडी घ्यायची न्हाई, तर तिसऱ्या अंकात करायचं काय तिनं? भेळ खायाची?”

माझे सासरे, म्हणजे आण्णा, सांगलीच्या घरात ऑर्गनपुढच्या स्टुलावर बसून मला विचारत होते. माझ्या मांडीवर त्यांच्या हौशी नाट्यमंडळाच्या एका संगीत नाटकाची प्रत होती. हातात पेन्सिल होती. आणि त्या पेन्सिलीनं मी ते तळं नुकतंच खोडलं होतं.

“आण्णा, बोटीवर पाण्यात उडी चालत नाही.”

“का? पाणी तर चिक्कार हाय तितं.”

“म्हणूनच.”

आधी माझा धंदा सांगतो. पर्यटकांची मोठी जहाजं चालवणाऱ्या एका कंपनीत मी एंटरटेनमेंट डिपार्टमेंटला आहे. बोटीवर रोज संध्याकाळी कुठला शो लागणार, हे ठरवायचं माझं काम. आमच्या कडेगावच्या घरात सगळे फौजेत. भरतीला मी छातीत कमी पडलो आणि नाचगाण्याच्या खात्यात आलो. वडील गावात अजूनही “पोरगं बोटीवर असतंय” एवढंच सांगतात. ऐकणारा नेव्ही समजतो. वडील त्याला दुरुस्त करत नाहीत.

त्या हिवाळ्यात आमच्या डायरेक्टर फर्नांडिस मॅडमना मुंबई-गोवा फेरीवर एक मराठी संगीत नाटक हवं होतं. मीटिंगमध्ये मी हात वर केला. कारण उघड होतं. आण्णांच्या मंडळाचा पडदा बरेच दिवस उघडलाच नव्हता. तरुण मुलं नोकरीला पुण्याकडं गेलेली. शेवटी मंडळानं पगड्या, शालू, पडदे, सगळं ट्रंकांसकट एका शाळेच्या गॅदरिंगला देऊन टाकायचं ठरवलं होतं. “बरं झालं, जागा मोकळी हुईल,” असं आण्णा म्हणाले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. हे मला माझ्या बायकोनं, शैलानं, सांगितलं होतं. बोटीचा सीझन मिळाला तर मंडळ टिकणार होतं. नाही तर ट्रंका शाळेत.

मॅडमनी तिथल्या तिथं बजावलं, “पवार, सासरे आहेत म्हणून नको. बोटीवर चालेल असं असेल तर आण. नाही तर तो स्लॉट डान्स ट्रूपला.”

आता बोटीवर चालेल असं म्हणजे कसं? प्रवासी दोन पाळ्यांत जेवतात, त्याला आम्ही सीटिंग म्हणतो. एक सीटिंग जेवत असताना दुसरं शो बघतं. मग अदलाबदल. त्यामुळं शो पाऊण तासाचा, फार तर पाच मिनिटं इकडं तिकडं. स्टेजवर निरांजनसुद्धा पेटवायचं नाही, कारण समुद्रात आगीइतकी भीती कशाचीच नसते. प्रेक्षकांतल्या निम्म्यांना मराठी येत नाही. आणि गोष्टीत बुडणं, वादळ, साथीचा रोग, यांतलं काही नको. माणसं सुट्टीवर आलेली असतात.

तळ्याचं नाटक बाद झाल्यावर आण्णांनी दुसरं काढलं. “हे घ्या. हे तर बोटीचंच हाय. पहिल्या अंकात व्यापारी निघतोय, दुसऱ्यात वादळ, आन् बोट अशी बुडती म्हणता, लोकं रडायची!”

“आण्णा, दुपारी आम्ही प्रवाशांना लाईफ जॅकेट कसं बांधायचं ते शिकवतो. संध्याकाळी तुम्ही बोट बुडवणार?”

“मग दुपारचं ध्यानात ऱ्हाईल की त्यांच्या.”

तेवढ्यात शैला स्वयंपाकघरातून म्हणाली, “आण्णा, ते ‘उलटी पाठवणी’ काढा की. त्यात कुणी मरत न्हाई.”

‘संगीत उलटी पाठवणी’ हे मंडळाच्या जुन्या गुरुजींनी लिहिलेलं नाटक. एकुलती एक मुलगी बापाला सोडून सासरी जायला तयार नाही. म्हणून लग्नानंतर नवराच तिच्या घरी नांदायला निघतो. सगळं गाव त्याला पाठवायला जमतं. नवऱ्याची आई त्याची ओटी भरते, मित्र गळ्यात पडून रडतात, आणि नवरा हुंदके देत घोड्यावर चढतो. भाषा कळली नाही तरी हसू यावं अशी गोष्ट. एक विहीर होती, ती मी खोडली. विषय मला जवळचाही होता. लग्नानंतर मी सांगलीतच फ्लॅट घेतला, सासऱ्यांच्या पुढच्याच गल्लीत.

नाव मॅडमना कळवलं. लगेच फोन.

“पवार, ‘उलटी पाठवणी’? आपल्याकडे पॅसेंजर करतात ती कमी आहे? आणि पाठवायची कुणाला?”

तीस वर्षं सांगलीनं हे नाव पोस्टरवर वाचलं होतं. एकालाही हा अर्थ सुचला नव्हता, मलाही नाही. आणि माझं निम्मं आयुष्य उलट्या होणाऱ्या माणसांत गेलेलं. आण्णांना सांगितल्यावर त्यांनी आधी प्रतीवरच्या नावावरनं बोट फिरवलं. गुरुजींनी ठेवलेलं नाव. मग म्हणाले, “‘नवऱ्याची पाठवणी’ म्हणा. गुरुजी आसते तर त्येबी हसले आसते.”

मग कापाकापी. तीन तासांचं नाटक पाऊण तासात बसवायचं. “म्हंजे लुगड्याचा रुमाल,” आण्णा म्हणाले. पण पहिली कात्री त्यांनी स्वतःच्याच अंगावर चालवली. नांदीच्या आधी ते ऑर्गन एकटा वाजवायचे, तो तुकडा त्यांनीच काढला. मी काही म्हणायच्या आत पान उलटून मोकळे झाले. नायिकेचं काम ज्योतीताईंचं. साताऱ्याच्या शाळेतून नुकत्याच रिटायर झालेल्या. तालमीला एसटीनं यायच्या. मेकअप न करता पहिलं पद म्हणायला लागल्या की समोर बाई दिसायच्या. पद संपेपर्यंत मुलगी दिसायला लागायची. त्यांनी आपली दोन पदं सोडली. आम्ही घड्याळ लावून बघितलं. सत्तेचाळीस मिनिटं. मी खूश.

ट्रायल शो सांगलीतल्याच एका शाळेच्या हॉलमध्ये ठेवला. मॅडम मुंबईहून गाडीनं निघाल्या, शिरवळला चहाला थांबल्या आणि तिथून फोन केला, “पवार, मी फक्त दोन गोष्टी बघणार. माणसं रंगतात का, आणि वेळ.” रंगण्याची काळजी मी घेतली होती. रिकाम्या हॉलमध्ये चांगलं नाटकही पडतं, हे मला धंद्यानं शिकवलेलं. म्हणून मी सगळी सासुरवाडी बोलावली. मामेसासरे, चुलतसासरे, त्यांचे शेजारी, मंडळाचे जुने प्रेक्षक. हॉल खच्चून भरला. मॅडम बघून खूश झाल्या, मी त्यांच्या शेजारी ऐटीत बसलो.

ज्योतीताईंचं पहिलं पद संपलं. टाळ्या झाल्या आणि मागून आवाज आला, “वन्स मोअर!”

मी घड्याळाकडं बघितलं.

ज्यांनी संगीत नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं पद आवडलं की लोक ‘वन्स मोअर’ म्हणून ओरडतात. मग नट गोष्टीतून बाहेर येतो, नमस्कार करतो आणि तेच पद पुन्हा गातो. पहिल्यापेक्षा जास्त फुलवून गातो. वन्स मोअर न घेता पुढं जाणं हा ऐकणाऱ्याचा अपमान. हे मला लहानपणापासून माहीत. आणि तरी सगळी कापाकापी करताना माझ्या डोक्यात आलं नाही, की सांगलीचा हॉल भरला तर वन्स मोअरही भरपूर येणार.

ज्योतीताईंनी नमस्कार केला. आण्णांनी ऑर्गनवर पुन्हा सुरुवात धरली. पुढच्या पदाला दोनदा. पाठवणीच्या पदाला तीनदा. एक चुलतसासरे उभे राहून म्हणाले, “ती वरची तान परत होऊ द्या, ज्योतीताई!” नवरदेव ओटी सांभाळत घोड्यावर चढायचा, उतरायचा, परत चढायचा. लोक डोळे पुसत होते आणि हसतही होते. मॅडमनीही एकदा डोळे पुसले. मग मोबाईल वर करून मला स्टॉपवॉच दाखवलं.

“पवार, हे काय ओरडतात?”

मी समजावून सांगितलं.

“छान आहे. पण दीड तास झाला. बोटीवर बाहेर दुसरं सीटिंग उभं असणार. ते लोक वन्स मोअर नाही ओरडत, रिसेप्शनवर जाऊन ओरडतात. सॉरी.”

आण्णा पडद्याच्या कडेला उभे होते. त्यांनी ऐकलं. “नापास?” त्यांनी मला विचारलं.

“नाटकात नाही, आण्णा. टायमात.”

ते वळले आणि खांद्यावरच्या पंच्यानं ऑर्गनच्या पट्ट्या पुसायला लागले. मला तिथं उभं राहवेना. तेवढ्यात ज्योतीताई मेकअपसकट मॅडमच्या पुढं येऊन उभ्या राहिल्या.

“मॅडम, मी आयुष्यभर पेपर तपासले. मुलाला उत्तर येतंय, पण वेळ संपली, तर मी एकदा फेरपरीक्षा घेत होते. उद्या सकाळी हॉल रिकामा ठेवू. तुम्ही एकट्या बघा.”

मॅडमनी घड्याळ बघितलं, मग त्यांच्याकडं बघितलं. “सकाळी लवकर,” एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या कुणी एवढ्या लांबून येऊन थांबलं नसतं. त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे, पगारवाढीच्या दिवसांत सुद्धा.

सकाळी हॉलला आतून कडी. खुर्च्यांवर मॅडम आणि मी, विंगेत शैला. पहिलं पद संपलं. ज्योतीताई हात जोडून थांबल्या. हॉलमध्ये चिडीचूप. इतक्या वर्षांची सवय. आण्णांनी तर पुन्हा सुरुवातीचे सूर धरलेसुद्धा.

“आण्णा, पुढं!” शैला ओरडली. “कुणी न्हाई मागितलं!”

ज्योतीताईंना हसू फुटलं. आण्णा म्हणाले, “बोटं ऐकत न्हाईत गं, पोरी.” दुसऱ्या पदाला त्या नुसत्या क्षणभर अडखळल्या. तिसऱ्याला मान खाली घालून सरळ पुढच्या वाक्यावर गेल्या. तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवला नाही. नाटक वेळेत बसलं.

“पास,” मॅडम म्हणाल्या. “पण पवार, तुझे नातेवाईक बोटीवर दिसले तर बघ.”

गोव्याला जाणाऱ्या बोटीवर पहिला शो लागला. ऑर्गन आम्ही दोरानं जमिनीला बांधला होता. आण्णा म्हणाले, “गाभण म्हशीला बांधल्यागत बांधलाय.” समुद्र जरा खवळलेला होता. ओटी भरताना बोट कलली, नवरदेव आईच्या अंगावर कोसळला, आणि लोकांना वाटलं दुःखानं कोसळला. त्याला चांगलाच हशा आला. पद संपलं की टाळ्या व्हायच्या, बेताच्या, सभ्य. वन्स मोअर मात्र एकही नाही. नाटक ठरल्यापेक्षा लवकरच संपलं.

मेकअप रूममध्ये गेलो तर सुतक पडल्यासारखं. नवरदेव फेटा सोडत होता, ज्योतीताई आरशाकडं पाठ करून बसलेल्या.

“पडलं,” आण्णा म्हणाले. “एकबी वन्स मोअर न्हाई, गड्या. सांगलीत आसतं तर आमी पडद्याआडनंच घरला गेलो आसतो.”

मी समजावायला लागलो की यांना ती पद्धतच माहीत नाही. ते मान हलवत राहिले. तेवढ्यात मॅडम आत आल्या.

“कोणी उठलं नाही,” त्या म्हणाल्या.

याचा अर्थ मला कळला, आण्णांना नाही. बोटीवर शोला तिकीट नसतं. पैसे आधीच भरलेले असतात. त्यामुळं कंटाळा आला की माणूस सरळ उठतो. बाहेर बुफे असतो, दुकानं असतात, वर डेकवर वारा असतो. आम्ही मागं उभं राहून फक्त दार बघतो. चांगल्या चांगल्या शोला ते दार उघडझाप करत असतं. त्या संध्याकाळी ते एकदाही हललं नव्हतं. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी दाद नाही. हे सगळं मी आण्णांना नीट, सविस्तर, हातवारे करून सांगितलं.

आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“उठून जाणार कुठं, जावईबापू? चारी बाजूंनी पाणी.”

पहिल्या हसल्या त्या ज्योतीताई. मग मॅडमनाही हसू आवरेना. दुसऱ्या सीटिंगला मंडळ उभं राहिलं ते त्याच हसण्यात, आणि पहिल्यापेक्षा चांगलं झालं.

सगळा सीझन त्यांना मिळाला. शाळेला ट्रंका गेल्या नाहीत. त्याऐवजी ज्योतीताई त्या शाळेच्या मुलांना गॅदरिंगसाठी पदं बसवून देतात. आण्णा आता गल्लीत ‘आमच्या कंपनीत’ असं म्हणतात, आणि ती कंपनी माझी, हे सांगायचं विसरतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. ऑर्गनचा तो तुकडा त्यांनी न मागता काढला नसता, तर बाकीच्यांना मी काय तोंडानं कात्री लावली असती? आमच्याकडं सासऱ्याला तोंडावर ‘आभारी आहे’ म्हणत नाहीत. म्हणायला गेलो असतो तर त्यांनी “बरं वाटत न्हाई का?” असं विचारलं असतं. म्हणून इथं लिहून ठेवतो.

शो निवडणाऱ्या नव्या मुलांना मी या सगळ्यातून एकच गोष्ट शिकवतो. ट्रायलला सासुरवाडी बोलावू नये. बोलावलीच, तर ती जेवायला बसली की मगच पडदा उघडावा. तोंडात घास असला की वन्स मोअर म्हणता येत नाही.