आत्या आणि पुढच्या खेळाचा तुकडा

सबंध भोर संस्थानात माझ्या आत्याइतका सिनेमाचा कडक परीक्षक झाला नसेल, आणि गंमत म्हणजे आत्यानं एकही सिनेमा धड पाहिलेला नव्हता. हिवाळ्यात नदीकाठच्या मैदानात तंबू लागला की ती आम्हाला घेऊन देवादिकांच्या खेळाला जायची. पण पडद्यावर देव आला की हात जोडून डोळे मिटायची, ते थेट खेळ संपेपर्यंत. डोळे उघडे असायचे ते फक्त सुरुवातीला, पुढच्या खेळाचा तुकडा दाखवायचे तेव्हा. हल्ली त्याला ट्रेलर म्हणतात. तो बहुधा प्रेमाच्या विनोदी खेळाचा असायचा, आणि तेवढ्या शिदोरीवर आत्या आठवडाभर भात कांडता कांडता त्याची सालटी काढायची.

एका तुकड्यात नायकानं कॉलेजातल्या मुलीच्या अंगावर मुद्दाम सायकल घातली. ती चिडली, आणि लगेच दोघं झाडाभोवती गाताना दिसली. "धडकल्यावर मानूस गातं व्हय?" आत्यानं भर तंबूत विचारलं. तंबूवाला "आक्का, हळू" म्हणाला, तर त्यालाही चार शब्द ऐकवले. शिकलेली पोरगी म्हणजे नाक उडवून बोलणार आणि शेवटी चिखलात पडणार, खेड्यातला गडी म्हणजे धोतरात पाय अडकून आपटणार, याचा तिला भारी राग. "आमी रोज बांधावरनं चालतो. कोन पडतं रं एवढं?" पण सगळ्यांत झोंबायची ती त्या खेळांतली विधवा आत्या. कायम दाराआड कान लावून उभी, पोरांचं जमत आलं की मोडायला हजर. "हिला घरात कामं न्हाईत का?" असं आत्या पुटपुटायची. तंबू खदखदून हसायचा. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली आमची आत्या मात्र हसायची नाही.

पुढं वेल्ह्याच्या शाळेतला एक तरुण मास्तर आमच्या शेजारी, त्याच्या मामाकडे येऊ लागला. त्याच्याशी बोलताना माझ्या वडलांनी, आबांनी, मला पाहिलं आणि घरात रणकंदन माजलं. मला लग्न करायचं होतं ते त्याच्याशीच, आणि आबा तर भोंगवलीचं स्थळ पक्कं करायला निघाले होते. थोरल्या बहिणीपुढं आबांचं काही चालत नसे, म्हणून निकाल आत्याच्या हाती गेला. झालं, आता ही मोडणार, असं मी धरूनच चालले. आत्यानं मला चुलीपुढं बसवलं. भोंगवलीला निघालेले आबा पटका बांधून दारातच उभे होते.

"त्यानं तुज्या अंगावर सायकल घातली का?"

"न्हाई."

"चिखलात पाडलं?"

"न्हाई गं."

"मग जमलं कसं?"

मी मान खाली घालून सांगितलं, "पैल्यांदा बोलाया आला तवा मी नको म्हनले. तर खरंच निघून गेला. फिरकलाच न्हाई. मग म्याच हाक मारली."

आत्यानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग आबांकडे वळली. "ह्योच पोरगा करायचा. नको म्हनल्यावर माघारी गेलेला म्या आजवर एकबी बघितला न्हाई." आबांनी पटका काढून खुंटीला टांगला आणि विषय संपला.

लग्न होऊन मी वेल्ह्याला निघाले, तेव्हा आत्या बैलगाडीपर्यंत आली. तिचं स्वतःचं लग्न कुणाच्या तरी कडेवर बसूनच झालेलं. नवऱ्याचा चेहराही तिला आठवत नव्हता. "तुला इचारलं तरी," ती म्हणाली, "मला कुनी इचारलंच न्हवतं."

मला रडू आवरेना. "इचारलं असतं तर काय म्हनली असतीस, आत्या?"

गाडी हलली. ती चाकाबरोबर थोडी चालत आली.

"आदी त्याला नीट बघितलं असतं गं," ती म्हणाली. "मग सांगितलं असतं."