बद्द वाजणाऱ्या अकरा चिमेनेआ

पेत्रोनिला बासुल्तोचा कुणावरही विश्वास नव्हता, आणि तिचं घर चालत होतं ते त्याच एका गुणावर. तोनालाच्या कुंभारवस्तीत ती चिमेनेआ वाजवून द्यायची. अंगणात शेकत बसायची ही मातीची शेगडी; पोट सुटलेलं, पुढून तोंड उघडं, वर उंच मान, धूर जायला. उत्तरेकडच्या बंगल्यांच्या बागांसाठी ट्रक भरून जायच्या. भाजलेल्या मातीतली केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही, पण बोटाच्या पेराने ठोकलं की आवाज लपत नाही. अखंड असेल तर खणखणते, चिरलेली बद्द वाजते. पेत्रोनिला पोटावर ठोकायची, मानेच्या बुडाशी ठोकायची आणि शेवटी तोंडाच्या कडेवर, कारण आगीचा मार सगळ्यात जास्त तिथे. चांगलीवर कोळशाची रेघ, चिरलेलीवर फुली. फुली पडली की ट्रकवाला नाबोर त्या चिमेनेआकडे ढुंकून पाहत नसे.

हा संशय तिला जन्मजात नव्हता, नवऱ्याने शिकवला. फेर्मीन चांगला कुंभार होता आणि त्याहून चांगला थापाड्या. एकदा भट्टीतून चिरलेली निघालेली चिमेनेआ त्याने राख आणि अंड्याचा पांढरा बलक कालवून बुजवली, वरून लाल मातीचा हात दिला आणि सख्ख्या बहिणीला दिली. तिसऱ्याच जाळाला ती उकलली आणि निखारे बहिणीच्या पायावर आले. ती बाई आजही लंगडत चर्चला जाते. फेर्मीन म्हणाला, मातीचं काही सांगता येत नाही. पेत्रोनिलाने परसातली अंड्यांची टरफलं पाहिली होती. त्या दिवसापासून वस्तीतली प्रत्येक चिमेनेआ ती आधी हुंगायची आणि मग वाजवायची. नवरा गेला, भट्टी विझली, मूलबाळ नव्हतंच. उरला तो कान. सव्वीस वर्षं त्याच्यावर काढली.

त्या एप्रिलमध्ये ओदिलोन रामोसच्या अंगणात अकरा चिमेनेआ रांगेने मांडल्या होत्या. नाबोरचा ट्रक दारात उभा. पेत्रोनिलाने पहिली ठोकली.

"बद्द," ती म्हणाली आणि फुली मारली.

दुसरी बद्द. तिसरी बद्द. पाचवीला ओदिलोनची बायको त्रिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. अकराव्या फुलीला ओदिलोनचा चेहरा भट्टीसारखा झाला होता.

"कोमाद्रे, सकाळी कानात कणीक भरून आलात काय?"

ओदिलोनच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर पेत्रोनिलाने धरलं होतं. तेव्हापासून ती त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोम्पाद्रे. या नात्यात भांडण झालं तरी अरेतुरेवर येत नाहीत, अहोजाहो करूनच भांडतात.

"कान माझे आहेत, कोम्पाद्रे. माती तुमची आहे. मातीला विचारा."

"अकराच्या अकरा चिरल्या? भट्टीवर वीज पडली असती तरी दोन वाचल्या असत्या!"

"तेच म्हणते मी. अकरा एकदम जातात म्हणजे तुम्ही काहीतरी केलंय. काय केलंत?"

"काय केलं! चाळीस वर्षं करतोय तेच केलं. फोडू?"

वस्तीची रीत होती. वाजवणारी आणि घडवणारा यांचं जुळलं नाही की एक फोडून बघायची. शेजारपाजारचे कुंभार गोळा झाले. ओदिलोनने मुसळ उचललं आणि पहिल्याच चिमेनेआच्या पोटात घातलं. खापऱ्या पडल्या. त्याने एकेक उचलून पेत्रोनिलाच्या नाकापुढे धरली. आतून लाल, एकसारखी, कुठे जुन्या चिरेची काळी रेघ नाही, बुजवल्याची खूण नाही.

"दाखवा चीर. दाखवा ना!"

पेत्रोनिलाने प्रत्येक खापरी उलटीपालटी केली. चीर नव्हती.

"दोन्याला आता चर्चची घंटासुद्धा बद्द ऐकू येणार," मागून कुणीतरी बोललं आणि हशा झाला. दोन्या म्हणजे बाईसाहेब; वस्ती पेत्रोनिलाला तशीच हाक मारायची.

नाबोर हसला नाही. त्याला पुढे दोन दिवसांचा रस्ता होता. "हे बघा, मला कुंभारकाम कळत नाही. लोकांच्या बागेत ही उकलली की शिव्या मला पडतात. या दहा आज राहू देत. तीन आठवड्यांनी येतो. ओदिलोनने लबाडी केली असेल तर त्याचा माल माझ्या गाडीत पुन्हा चढणार नाही. आणि दोन्या, तुमचा कान गेला असेल तर सरळ सांगा. मी दुसरं माणूस बघतो. राग मानू नका."

पेत्रोनिलाने राग मानला. चार खापऱ्या शालीखाली घेऊन ती घरी आली, दार लावलं आणि कानात बोट घालून बसली. डाव्या कानात हिवाळ्यापासून माशी गुणगुणत होती. ही गोष्ट तिने डॉक्टरलाही सांगितली नव्हती. डॉक्टरची बायको बडबडी होती.

परसात तिच्या आजीची चिमेनेआ होती. तेव्हा ही वस्तू शोभेची नव्हती. झोपडीच्या छपराला धुरासाठी भोक असायचं, त्याच्या बरोब्बर खाली ही उभी. पोटात जाळ, तोंडातून पाव आत सरकवायचा, मान धूर उचलून थेट भोकाबाहेर टाकायची. वारा आला तरी ठिणगी बाहेर उडत नसे आणि पाऊस आला तरी जाळ विझत नसे. बुडाशी वाळूचा जाड थर, म्हणजे निखारा मातीला भिडत नाही. नवीन आणली की आधी काटक्यांचे पाचसहा लहान जाळ, मग मोठा. तापलेलीवर पाणी कधीच नाही. एवढ्यावर त्या चिमेनेआने तीन पिढ्यांचा पाव भाजला होता. आता उत्तरेकडची माणसं तिला लोखंडी तिपाईवर बसवून समोर खुर्च्या टाकतात आणि नुसती बघत बसतात. पेत्रोनिलाला हे वेडेपण वाटायचं, पण त्याच वेडेपणावर वस्ती जगत होती.

तिने आजीची चिमेनेआ पोटावर ठोकली. खण्ण. मान, खण्ण. तोंडाची कड, खण्ण. डावा कान पुढे करून ठोकली, मग उजवा.

म्हणजे कान शाबूत होता. मग लबाडी मातीत होती.

तिने खापरी हुंगली. अंडं नाही. निवडुंगाचा चीक नाही. जिभेचं टोक लावलं. भाजलेली कोरडी माती जिभेला चिकटते, ओढून काढावी लागते. ही चिकटलीच नाही. दुसरी लावली, तीही नाही. खापऱ्या आतून ओल्या होत्या. ओली माती बद्द वाजणारच, हे लहान पोरालाही कळतं. पण एप्रिल महिना, ऑक्टोबरपासून आकाशातून थेंब नाही, आणि ओदिलोनच्या चिमेनेआ पाणी पिऊन बसल्या होत्या. भाजलेल्या भांड्याला पाणी कोण पाजतं? आणि का?

तिने खापऱ्या धाब्यावर उन्हात मांडल्या आणि दुसऱ्या दिवशी टोपलीत तामालेस, मांस भरून मक्याच्या पानात वाफवलेल्या पिठाच्या वळकट्या, घेऊन ओदिलोनच्या घरी गेली. तो रानात लाकडं आणायला गेलेला असतो ती वेळ तिने बरोबर धरली होती.

"अगंबाई, कोमाद्रे, तुम्ही?" त्रिनीचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"मनात आलं, आले. डुकराचं मांस जरा जास्त झालं होतं. काय गं, ही एवढी मोठी टाकी कधी बांधलीत?"

परसात भट्टीला लागून सिमेंटची टाकी होती, बैल उभा राहील एवढी. त्रिनीने लगबगीने दोरीवरची चादर ओढून तिच्यावर टाकली.

"धुण्याला."

"भट्टीच्या शेजारी? धुतल्या कपड्यांवर राख पडत नाही?"

"पडते ना. वैताग आहे नुसता. कॉफी टाकते हं," म्हणत त्रिनी आत पळाली.

पेत्रोनिलाने चादरीचा कोपरा उचलला. पाण्यावर दुधाच्या सायीसारखा पातळ पांढरा पापुद्रा होता. बोट बुडवून तिने चाटलं. ही चव या मुलखातल्या कुठल्याही बाईला झोपेतही ओळखू येते. रोज संध्याकाळी मका शिजत घालतात तो चुन्याच्या पाण्यातच. तो चुना इथे होता, आणि मक्याचा एक दाणा कुठे नव्हता. कॉफी न पिताच ती निघाली. तामालेसची टोपलीसुद्धा परत मागितली नाही, यावरून त्रिनीने काय ते ओळखलं असणार.

पुढचे आठ दिवस ती रोज सकाळ-संध्याकाळ धाब्यावर चढून खापऱ्या बघायची. शेजारीण म्हणाली, "दोन्या, वर कोण बसवलंय?" पेत्रोनिला म्हणाली, "साक्षीदार." नवव्या दिवशी एका खापरीवरून नखाएवढा पापुद्रा उडालेला दिसला. खाली खळगा, खळग्याच्या तळाशी मोहरीएवढा पांढरा कण. बाकी तिन्ही धड होत्या.

त्याच दुपारी ती खापरी घेऊन ओदिलोनसमोर उभी राहिली. तो माती मळत होता. त्याने खापरी पाहिली आणि हात पुसत बसला.

"माती कुठून आणता?" ती म्हणाली.

"तुम्हाला माहीत नाही? जुन्या खाणीवर आता कॉलनी उभी आहे. रंगीत घरं, दारात गाड्या. उरली ती पांढऱ्या टेकडीची माती. तिच्यात चुनखडी. कितीही चाळली तरी बारीक खडे राहतातच. भट्टीत त्यांचा चुना होतो. मग महिन्याभरात हवेतला ओलावा पितो, फुगतो आणि वरची माती उडवतो."

"म्हणून पाण्यात घालता."

"कोमट झाली की. गरम घातली तर तडकेल, एवढं मला कळतं. वीटभट्टीवाल्यांकडून शिकलो. एकदम भरपूर पाणी मिळालं की चुना तिथेच विरतो, फुगत नाही. बहुतेक विरतो."

"बहुतेक!"

"बहुतेक. शंभरात नव्वद."

"आणि हे मला सांगायला तोंड नव्हतं? मी तुमच्या पोरीची धर्माची आई."

ओदिलोनने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. "तुम्हाला? माझा बाप अंथरुणाला खिळला होता, त्याने हातांनी केलेल्या शेवटच्या चिमेनेआवर तुम्ही फुली मारलीत. त्याच्या देखत."

"चिरली होती."

"होती! कोण नाही म्हणतंय? पण तुम्हाला काही सांगायचं म्हणजे पोलिसांना सांगण्यासारखं. चुना म्हटलं असतं तर तुम्ही सगळ्या वस्तीवर फुली मारली असती. इथे प्रत्येकजण त्याच टेकडीची माती आणतो."

पेत्रोनिलाने खरंच तेच केलं असतं. नाबोरला गाठून चुन्याचं सांगितलं तर तिचा कान खरा ठरत होता आणि ओदिलोन संपत होता. गप्प बसली तर ती बहिरी ठरत होती, आणि दहा चिमेनेआ कुणाच्या तरी पायाशी जाऊन पापुद्रे उडवणार होत्या. नणंदेचा पाय तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"त्या दहाही माझ्या अंगणात आणून ठेवा," ती शेवटी म्हणाली. "आज. कडक उन्हात. आणि तुम्ही रात्री येऊन बदलणार नाही कशावरून, म्हणून प्रत्येकीच्या बुडाला मी खूण करणार."

"कोमाद्रे, लाज नाही वाटत?"

"नाही."

दहा चिमेनेआ आल्या. अकरा दिवस पेत्रोनिला त्यांच्यामध्ये खुर्ची टाकून बसली. दुपारच्या उन्हात कुठे टक् झालं की उठून प्रत्येकीच्या अंगावरून हात फिरवायची. सातव्या दिवशी एकीच्या मानेवरून पापुद्रा उडाला, नवव्या दिवशी दुसरीच्या पोटावरून. आठ तशाच राहिल्या, आणि कोरड्या झाल्यावर खणखणू लागल्या.

नाबोर आला तेव्हा अख्खी वस्ती तिच्या दारात होती. हशा करायच्या तयारीनेच आली होती.

"काय ठरलं?" नाबोरने विचारलं.

"मी चिरलेल्या म्हणाले होते," पेत्रोनिला म्हणाली. "चिरलेल्या नव्हत्या. चुकले."

सव्वीस वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. हसायला आलेले हसायचं विसरले.

"पण ओल्या होत्या. का ओल्या होत्या ते कोम्पाद्रे सांगतील. त्यांनी नाही सांगितलं तर मी सांगेन, आणि मी त्यांच्याइतकं गोड सांगत नाही."

ओदिलोनने मान खाली घातली, मग वर केली आणि सांगितलं. खाण, टेकडी, चुना, टाकी, सगळं. तो सांगत असताना इतर कुंभार जमिनीकडे बघत होते, आणि पेत्रोनिला त्यांच्याकडे बघत होती. कोण जास्त खाली बघतंय ते ती मनात टिपून ठेवत होती.

नाबोरने उडालेल्या दोन बाजूला केल्या. आठांभोवती फिरला. "या उडणार नाहीत?"

"मला विचारू नका. मी देव नाही," पेत्रोनिला म्हणाली. "उन्हात अकरा दिवस माझ्या डोळ्यांदेखत उडाल्या नाहीत, एवढं सांगते. घेणाऱ्याला खरं सांगा आणि मग विका."

"सांगितल्यावर कोण घेईल?"

"मग नका नेऊ."

नाबोरने डोकं खाजवलं, शिवी हासडली, आणि आठ गाडीत चढवल्या. "पुढच्या वेळी सगळ्यांचा माल असाच पाहिजे. पाण्यातून काढून, उन्हात वाळवून, हिच्या हातून. नाहीतर मी दुसऱ्या गावी जातो."

अशा रीतीने पेत्रोनिलाचं काम राहिलं आणि वाढलंसुद्धा. सगळ्या वस्तीसाठी नवी टाकी तिच्या अंगणात बांधली गेली, कारण दुसऱ्या कुणाच्या अंगणात ती चालू देईना. कुंभार कोमट चिमेनेआ ढकलगाड्यांवर घालून आणतात आणि तिच्यासमोर बुडवतात. ओदिलोन सगळ्यात आधी येतो. तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो, पण येतो. परवाही आला, चिमेनेआ पाण्यात सोडली आणि खांद्यापर्यंत हात घालून ती आडवी करू लागला. पेत्रोनिला खुर्चीतून उठली.

"कोम्पाद्रे, तो हात जरा बाहेर काढा. मुठीत काय आहे?"

"साबण आहे, कोमाद्रे. अंघोळ करतो."

"उघडा मूठ."

त्याने उघडली. काही नव्हतं. मग तिने दुसराही हात काढायला लावला.