लांबून आलेलं कथील

कुठलीही वस्तू कशाची बनली आहे, हे कळल्याशिवाय आमच्या थोरल्या साडूंना ती वापरताच येत नाही. लग्नात सासऱ्यांनी पुढे ठेवलेल्या पितळी ताटाला त्यांनी टिचकी मारली आणि भर पंगतीत ‘यात जस्त जास्त पडलंय’ असं शांतपणे सांगितलं. पुढे कित्येक दिवाळ्या सासरे त्यांना स्टीलच्याच ताटात वाढत, आणि साडूंना तो आपला खास मान वाटे. ते सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट. एका दुष्काळात ऊसच नव्हता, बॉयलर पेटलाच नाही. तेव्हा ते चौसाळ्याजवळच्या आमच्या गावी मुक्कामाला आले आणि माझ्या भांड्यांच्या दुकानात बसू लागले. गिऱ्हाइकाने घागर उचलली की हे म्हणत, “घ्या, पण तांब्याची समजून घेऊ नका.” गिऱ्हाईक घागर ठेवून गप्पा मारत बसे. मी रागवायचं ठरवी. तोवर मीही ऐकत बसलेला असे.

त्या उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यातला गाळ काढताना धातूची एक जुनाट पट्टी सापडली. तिच्यावर पाय दुमडून बसलेला घोडा होता. ही आपल्याच पूर्वजांची कारागिरी, असं सरपंचांनी जाहीर करून टाकलं. साडू मात्र जेवणखाण विसरले. सरपंचांना विचारून त्यांनी मागून कणभर धातू खरवडला, अंबाजोगाईच्या एका प्राध्यापकमित्राकडून ॲसिड आणलं आणि आमच्या अंगणात काचेच्या पेल्याभोवती निम्मं गाव गोळा झालं. पाणी निळं झालं, ते तांब्यामुळे. तळाला पांढरा गाळ बसला, ते कथील. तो गाळ पाहून साडू असे हसले, की जणू नातूच झाला.

त्याच सुमारास वेशीबाहेर गावोगाव हिंडून लोखंडकाम करणाऱ्या गाडीलोहारांच्या बैलगाड्या उतरल्या होत्या. टँकरचं पाणी गावालाच पुरेना, म्हणून त्यांना उठवायचं चाललं होतं. चावडीवर बैठक बसली. आधी पट्टीचा विषय निघाला.

“सायेब, आपलीच हाय ना पट्टी? तेवढं सांगा,” सरपंच म्हणाले.

“तांबं कुठलं, ते न्हाई सांगता यायचं. पण कथील आपल्या डोंगरात निघत न्हाई. ते लांबून आलंय. जनावरं घेऊन हिंडणारी माणसं असले घोडे कमरपट्ट्यावर लावत.”

“म्हंजे आपली न्हाई?”

“आपल्या तळ्यात निघाली, आपलीच. पण इथवर आणली फिरत्या माणसांनी. ती इथं थांबली असतील, तर कुणीतरी त्यांना पाणी दिलं असंल.” साडू घुटमळले. खोटं त्यांना पचत नाही. “हे शेवटचं ॲसिडात दिसलं न्हाई. माझा अंदाज हाय.”

सरपंचांनी पट्टी हातात घेऊन उलटीपालटी केली. मग दूध सोसायटीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, “आमचे कॅन रिकामेच पडल्यात. त्यांच्या वाटचं पाणी त्यात भरून देऊ. लई लागायचं न्हाई त्यांना.” एकदोघं कुरकुरले, पण गाड्या उठवायचं पुन्हा कुणी काढलं नाही. सरपंचही पुढे पाहुण्यांना ऐटीत सांगू लागले, “आमच्या पट्टीतलं कथील लई लांबचं हाय.”

लोहारांनी पेरणीआधी गावाचे नांगराचे फाळ शेवटून, म्हणजे झिजलेली टोकं तापवून-ठोकून, दिले आणि पाऊस लागल्यावर गाड्या जुंपल्या. साडू सडकेपर्यंत गेले. “आता कुठं?” त्यांनी विचारलं. गाडीवरची म्हातारी म्हणाली, “पुढं.” उभा जन्म एका कारखान्याच्या धुराड्याखाली काढलेला तो माणूस गाड्या दिसेनाशा होईपर्यंत सडकेवर उभा होता. मी छत्री धरली होती. त्यांचं लक्षही नव्हतं. त्या म्हाताऱ्या बाईने जरा सरकून जागा केली असती, तर ते नक्की चढून बसले असते.