लाल ओळ आली आणि चार नावं गेली

मंडळी, आज आमच्या भांडुपच्या चाळीतल्या सुमनवहिनींचा वारसांचा अर्ज कॉम्प्युटरवर भरायला बसलो. प्रत्येक मुलासाठी ‘आणखी जोडा’ दाबलं की नवा रकाना उघडतो. तीन मुलींचे रकाने भरून झाले. चौथा रकाना थोरल्याचा, तो वडिलांच्या आधीच गेला. त्याची मृत्यूची तारीख वहिनींनी डोळे मिटून सांगितली.

अर्ज पाठवला. पिनकोडात माझ्याकडून एक आकडा राहिला होता. लाल ओळ उमटली आणि चारही रकाने गायब!

“वहिनी, परत सांगावं लागेल.”

“मुलींचं सांगते भाऊजी. त्याचं परत नाही हो सांगवत.”

तारीख माझ्याही लक्षात नव्हती. शेवटी विचारलीच.

वेबसाइट बनवणाऱ्या पोरांनो, चुकलो मी होतो. माझा तेवढा पिनकोड परत मागायचा होतात. त्या माउलीला का रे रडवलंत?