बाबांच्या वाट्याचा पोटा

आमच्या गोंडपिपरीकडच्या घरी कोंबडी शिजली की तिचा पोटा, म्हणजे दाणे दळणारी ती चिवट पिशवी, घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या ताटात पडतो. तो त्यानं चावून "वाढा" म्हटलं, की मग बाकीच्यांची ताटं भरायची. बाबांचे दात गेले आणि हा रिवाज त्यांना न विचारताच बंद पडला. मागच्या वर्षी पोळ्याच्या करीला, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी, माहेरी गेले, तर बाबा एकटेच पडवीत रस्सा-भात कालवत बसलेले आणि आत भाऊ मजेत पोटा चघळतोय! माझं डोकंच फिरलं.

"काऊन रे, बाबाले इचारलं काय?"

"त्याईले दात कुठी हायेत?"

दात नाहीत म्हणून जिवंत माणूस घरातून वजा करायचा? वर्षभर तो राग माझ्या पोटात धुमसत होता.

यंदा करीच्या सकाळीच मी कोंबडी ताब्यात घेतली. सॉसेज कसे करतात ते मोबाइलवर पाहून ठेवलं होतं. मऊ, हिरड्यांनीही मोडतील असे. खिमा वाटायला पाटा मागितला, तर वहिनी आडवी आली. "कालच पुरन वाटलं त्याच्यावर. बाटवता काय?"

म्हणजे कोंबडी पोटाला चालते, पाट्याला चालत नाही! मी पावशी, म्हणजे आमची विळी, घेतली, अंगणातल्या चुलीपाशी बसले आणि सगळं मांस बारीक बारीक चिरलं. हात भरून आले, तोंडाचा पट्टा मात्र चालूच होता. पोटा आधी उकडून घेतला आणि त्याचा तर पार भुगा केला. आलं, लसूण, हिरवा सांभार म्हणजे कोथिंबीर, मीठ, अंडं घालून मळलं, पळसाच्या पानांत गुंडाळून दोऱ्यानं बांधलं आणि वाफेवर ठेवलं. उरलेल्या हाडांचा वहिनीनं रस्सा केला.

भाऊ हसला. "बाबाचं उष्टावन करून राह्यली काय?"

"तुये दातबी काई सागाचे नाई," मी म्हटलं.

जेवणाच्या वेळी बाबांना हाताला धरून आत आणलं, पाटावर बसवलं, पान सोडून समोर ठेवलं. भाऊ तोवर रश्श्यात भाकर कुस्करून खायलाही लागला होता. बाबांनी तुकडा तोंडात घेतला आणि बराच वेळ घोळवला.

"पोटा हाये यात?"

"हाये बाबा. पुरा तुमचाच."

त्यांनी घास गिळला, मिशी पुसली आणि भावाच्या ताटाकडं पाहिलं.

"मी अजून वाढा म्हनलं नाई."

भावानं तोंडाशी नेलेला घास ताटात परत ठेवला.